शार्त्रचा एक दिवस: उन्हाच्या वेळापत्रकाने

पॅरिसला येणारा पाहुणा आयफेल टॉवर, लूव्र आणि बोटीची फेरी उरकतो आणि मग विचारतो, "एक दिवस रिकामा आहे, कुठे जाऊ?" गेली चौदा वर्षं मी एकच उत्तर देते: शार्त्रला जा. पॅरिसपासून नैर्ऋत्येला साधारण नव्वद किलोमीटरवर गव्हाच्या शेतांमधल्या एका टेकाडावर वसलेलं हे शहर आहे, आणि त्याच्या डोक्यावर तेराव्या शतकातलं कॅथीड्रल आहे. मी स्वतः किती वेळा गेले त्याचा हिशोब ठेवलेला नाही. कधी आईबरोबर, कधी नणंदेबरोबर, एकदा सासऱ्यांबरोबर, आणि बऱ्याचदा एकटी.

पहिल्या वेळी मात्र मी चुकले. रविवारी, आरामात, दुपारी साडेबाराला पोचले. ज्या खिडक्यांवर सकाळचं ऊन येतं त्यांवरून ते सरकून गेलं होतं, पश्चिमेकडच्या खिडक्यांवर अजून यायचं होतं. दोन तासांत सगळं "बघून" मी परत गाडीत बसले, आणि लोक एवढं काय बोलतात हे कळलं नाही. शार्त्रचा दिवस घड्याळापेक्षा उन्हाच्या हिशोबाने आखावा लागतो, हे मला तिसऱ्या-चौथ्या फेरीत उमगलं. पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलं आहे.

आधी एक गोष्ट नकाशावर बघून घ्या. युरोपातली जुनी चर्चेस साधारणपणे पूर्वेला तोंड करून असतात, म्हणजे मुख्य दार पश्चिमेला आणि गाभारा पूर्वेला. शार्त्रचं कॅथीड्रल मात्र या रेषेपासून बरंच वळलेलं आहे. त्याचा गाभारा ईशान्येकडे आहे आणि मुख्य दार नैर्ऋत्येकडे. त्यामुळे पुस्तकं ज्याला "दक्षिण बाजू" म्हणतात ती खरं तर आग्नेयेकडे पाहते आणि तिच्यावर सकाळपासून ऊन असतं. मुख्य दारावर ऊन यायला दुपार होते. "उत्तर" बाजू वायव्येकडे असल्याने तिला उन्हाळ्यात संध्याकाळचं ऊन मिळतं. एवढं डोक्यात बसलं की दिवस आपोआप लागतो.

गाडी पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून सुटते. साधी प्रादेशिक गाडी आहे, तासाभरापासून सव्वा तासापर्यंत वेळ घेते. सकाळी आठच्या आसपासची पकडा. मोंपार्नासचं मेट्रो स्टेशन आणि वरचे फलाट यांच्यात बरंच चालावं लागतं, तेव्हा पंधरा मिनिटं हाताशी ठेवा. पॅरिसचा महिन्याचा किंवा आठवड्याचा पास शार्त्रपर्यंत चालत नाही, कारण शार्त्र पॅरिसच्या प्रदेशाबाहेर, दुसऱ्या प्रशासकीय विभागात येतं. पास आहे म्हणून तसेच गाडीत चढू नका, वेगळं तिकीट काढा. बसायला डावीकडची खिडकी घ्या. वर्साय आणि राँबुये मागे पडलं, झाडी संपली की शेवटच्या काही मिनिटांत दोन मनोरे दिसायला लागतात. आधी फक्त तेच दिसतात, शहर नंतर. यात्रेकरूंनाही शेतांतून चालत येताना हेच दृश्य दिसत असणार.

सामानात एक वस्तू विसरू नका: दुर्बीण. साधी, पक्षी बघायची असते ती पुरे. आतलं छत सुमारे ३७ मीटर उंच आहे आणि वरच्या खिडक्यांमधले चेहरे नुसत्या डोळ्यांना रंगाचे ठिपके वाटतात. दुर्बीण नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघता येतं, पण हात थरथरतो आणि मजा जाते. दुसरं म्हणजे अंगावर घ्यायला काहीतरी ठेवा. बाहेर कितीही ऊन असो, आतला दगड गार असतो आणि आपण तिथे बराच वेळ बसणार आहोत.

स्टेशनवरून कॅथीड्रल दहा मिनिटांच्या चालीवर आहे. सकाळी साडेआठला उघडतं, आत जायला पैसे लागत नाहीत. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा हिंडणं बरं दिसत नाही. शक्यतो दुसरा दिवस निवडा. मुख्य दारावरची शिल्पं समोर दिसतील, पाय तिथेच अडखळतील. तरीही थांबू नका. ती आत्ता सावलीत आहेत. सरळ आत जा.

आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं काहीच करू नका. डोळे अंधाराला सरावू द्या. मग सभामंडपाच्या उजव्या बाजूने पुढे चालत जा, जिथे कॅथीड्रलचा आडवा हात येतो तो ओलांडा, आणि गाभाऱ्याभोवतीच्या प्रदक्षिणामार्गाला लागताच उजवीकडे वर पाहा. निळ्या वस्त्रातली, मुकुट घातलेली मेरी मांडीवर बाळ घेऊन बसली आहे. फ्रेंच लोक या खिडकीला "नोत्र दाम द ला बेल व्हेरिएर" म्हणतात, म्हणजे "सुंदर खिडकीतली आमची माता". मधली आकृती साधारण ११८० ची आहे. १० जून ११९४ च्या रात्री जुनं कॅथीड्रल जळालं, त्यातून ती वाचली. नंतर नव्या इमारतीत बसवताना तिच्याभोवती देवदूतांची चौकट जोडली. लाल पार्श्वभूमीवरचा तो निळा रंग बघा. तो गडद नाही, फिकाही नाही, आणि सकाळी नऊ-साडेनऊला बाहेरून ऊन आलं की तो काचेत नसून काचेच्या पुढे हवेत आहे असं वाटतं. मी कितीदा फोटो काढले, एकातही तो रंग आला नाही.

तिच्याच जवळ, प्रदक्षिणामार्गात पुढे, राशींची खिडकी आहे. एका बाजूला राशी, दुसऱ्या बाजूला त्या त्या महिन्यातलं काम. जानेवारीला तीन तोंडं आहेत, फेब्रुवारीत माणूस शेकोटीला शेकत बसला आहे, पुढे कापणी येते, द्राक्षं तुडवणं येतं. खालून वर वाचत जायचं. इथल्या बहुतेक खिडक्या अशाच खालून वर वाचतात, हे लक्षात ठेवलं नाही तर गोष्ट उलटी लागते.

आता मागे वळून त्या आडव्या हातातली दक्षिणेची गोल खिडकी बघा. तिचा व्यास दहा मीटरहून जास्त आहे. तिच्या खाली पाच उभ्या खिडक्या आहेत आणि मधल्या मेरीच्या दोन्ही बाजूंना एक विलक्षण चित्र आहे: चार मोठे संदेष्टे उभे आहेत, आणि त्यांच्या खांद्यांवर येशूचं चरित्र लिहिणारे चौघे लहान मुलांसारखे बसले आहेत. बाराव्या शतकात इथल्या कॅथीड्रलच्या शाळेत शिकवणारा बर्नार म्हणत असे की आपण राक्षसांच्या खांद्यावर बसलेले बुटके आहोत, म्हणून त्यांच्याहून दूरचं दिसतं. हे वाक्य त्याच्याच नावावर सांगितलं जातं. खिडकी त्याच्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी झाली. दोन्हींचा थेट संबंध असेल-नसेल, पण हे वाक्य आणि ही खिडकी एकाच गावात असावी याचा मला दर वेळी आनंद होतो.

सभामंडपात परत येताना उजवी-डावी उलटी होते, तेव्हा दिशा सांभाळा. दक्षिणेच्याच भिंतीत दयाळू शोमरोन्याच्या गोष्टीची खिडकी आहे. तिच्या तळाशी बघा, चांभार काम करत बसले आहेत. खिडकीसाठी त्यांचं दान होतं असं मानतात, म्हणून त्यांना ही जागा मिळाली. शार्त्रच्या खिडक्यांत असे कित्येक धंदे आहेत: पाववाले, दारू विकणारे, सराफ, कातड्याचे व्यापारी, कापडवाले. इतिहासाच्या पुस्तकांत राजे असतात; इथे राजाच्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर पावाची टोपली आहे.

सासऱ्यांना, आम्ही त्यांना नाना म्हणतो, मी इथे आणलं तेव्हा मनात धाकधूक होती. त्यांनी आयुष्यभर सुतारकाम केलं. चर्चमध्ये त्यांना काय रस असणार, असं वाटलं. समोरच्या, म्हणजे उत्तरेच्या भिंतीत नोआच्या नौकेची खिडकी आहे. तिच्या तळाशी सुतार, चाकं करणारे आणि पिंपं करणारे कारागीर आहेत. नानांनी दुर्बीण घेतली ती परत द्यायलाच तयार नव्हते. "अगं, हा बघ, पिंपाला कडं बसवतोय. आणि हा ओंडका तासतोय." मग बराच वेळ गप्प. "कुऱ्हाड धरलीय बरोबर. चित्र काढणाऱ्याने काम बघितलेलं असणार." मी त्या खिडकीबद्दल जे काही वाचलं होतं, त्यात हे कुठेच नव्हतं. तुमच्याबरोबर हाताने काम करणारं कुणी असेल तर त्यांना आधी या खिडक्यांच्या तळाशी न्या. या भिंतीला सकाळी थेट ऊन नसतं, त्यामुळे तिथल्या खिडक्या दिवसभर शांतपणे बघता येतात; घाई नको.

शुक्रवारी आलात तर पायांखाली बघा. सभामंडपाच्या फरशीत जवळजवळ तेरा मीटर व्यासाचा चक्रव्यूह आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. वसंतापासून शरदापर्यंत शुक्रवारी त्या हलवतात. नाव चक्रव्यूह असलं तरी इथे अडकायला होत नाही. वाट एकच आहे, फसवी वळणं नाहीत, चालत राहिलात की मध्यावर पोचताच. वाटेची लांबी सुमारे २६० मीटर. समोरून बाहेर येणारा माणूस भेटला तर बाजूला होऊन वाट द्यायची, एवढाच नियम. बूट काढून चालणारे बरेच दिसतील. काढावेतच असं नाही. मी काढते, कारण इतक्या पायांनी झिजलेला दगड तळव्यांना कळतो.

साडेअकराच्या सुमारास दोन पर्याय आहेत. गुडघे बरे असतील तर उत्तर मनोऱ्यावर चढा. त्याला तिकीट आहे आणि वेळा ठरलेल्या असतात, तेव्हा आदल्या दिवशी बघून ठेवा. जिना गोल आणि अरुंद आहे. वर गेलं की हिरवट तांब्याचं छत जवळून दिसतं. १८३६ च्या आगीत आतला जुना लाकडी सांगाडा जळाला, त्याच्या जागी लोखंडी सांगाडा उभारला आणि वर तांब्याचे पत्रे घातले. चढायचं नसेल तर तळघर बघा. ते अकराव्या शतकातलं आहे, ११९४ च्या आगीच्याही आधीचं, आणि फ्रान्समधल्या सर्वांत मोठ्या तळघरांपैकी एक आहे. तिथे एकट्याने जाता येत नाही, माहिती देणाऱ्याबरोबरच जावं लागतं. नणंदेचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही तळघर निवडलं, आणि मनोऱ्यापेक्षा ते मला जास्त आवडलं.

जेवण बारा ते दोन या वेळेतच. दोननंतर बऱ्याच खानावळींचं स्वयंपाकघर बंद होतं आणि हातात फक्त कॉफी येते. शाकाहारी असाल तर बकव्हीटच्या पिठाचं घावन मिळतं, चीज आणि अंडं घातलेलं. अंडं नको असेल तर आधी सांगा. शार्त्रची म्हणून जी पाते विकतात तिच्यात मांस असतं. शनिवारी सकाळी भाजीबाजार भरतो, तिथून चीज आणि फळं घ्या, बेकरीतून पाव घ्या आणि कॅथीड्रलच्या मागे बिशपच्या जुन्या वाड्याची बाग आहे तिथे बसून खा. मला हेच सगळ्यांत आवडतं. गोड म्हणून "मेंचिकॉफ" नावाचं चॉकलेट घ्या, वरून पांढरं मेरिंगचं कवच असतं.

बागेच्या कठड्यावरून खालचं शहर दिसतं. आता तिकडे उतरायचं. उतार तीव्र आहे, मध्ये मध्ये पायऱ्या आहेत. खाली अर नदी आहे. नदी म्हणायची इतकीच, रुंद ओढ्याएवढी. हिच्या काठी कातडी कमावणारे, लोकर धुणारे, खाटीक राहायचे. त्यांची वस्ती गल्ल्यांच्या नावांत राहिली आहे. पाण्याला टेकलेली धुण्याची लाकडी छपरं अजून आहेत. कपडे धुणाऱ्या बायका तिथे गुडघ्यांवर बसायच्या. सेंत आंद्रे हे जुनं चर्च बघा. त्याचा गाभारा एकेकाळी नदीवर घातलेल्या कमानीवर बांधलेला होता, नदी खालून वाहायची. दगडी पुलांवर थांबून मागे वळलं की घरांच्या छपरांवर कॅथीड्रल उभं दिसतं. त्याची उंची मला नेहमी इथूनच कळते. वर, त्याच्या पायथ्याशी उभं असताना नाही कळत.

पुढे सेंत पिएर चर्च लागतं. त्याच्या वरच्या खिडक्याही तेराव्या-चौदाव्या शतकातल्या आहेत आणि आत बहुधा कुणी नसतं. वर चढताना एक्युये रस्त्याने या, तिथे राणी बेर्तचा जिना दिसेल: घराच्या बाहेर काढलेला, लाकडी चौकटीचा गोल जिना, सोळाव्या शतकातला. दोन मिनिटं पुरेत.

वेळ असेल आणि पाय चालत असतील तर मेझों पिकासिएत. कब्रस्तानात झाडू मारणाऱ्या रेमाँ इसिदोरने १९३८ पासून पुढे पंचवीस-एक वर्षं फुटक्या कपबश्यांचे तुकडे गोळा करून आपलं घर, भिंती, चूल, पलंग, अंगण सगळं मढवून टाकलं. मध्यापासून अर्ध्या तासाची चाल आहे, हिवाळ्यात आणि मंगळवारी बंद. एका दिवसात हे आणि नदी दोन्ही नीट होत नाही. माझं म्हणाल तर पहिल्यांदा नदीच.

तीनच्या पुढे कॅथीड्रलवर परत या. आता मुख्य दारावर ऊन आलेलं असतं. ही तीन दारं बाराव्या शतकाच्या मध्यातली आहेत, ११९४ च्या आगीतून वाचलेली. दोन्ही बाजूंना खांबांसारख्या लांब, सडपातळ मूर्ती आहेत. चोवीसपैकी एकोणीस उरल्या आहेत. त्यांचे चेहरे शांत आहेत, ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू. उजवीकडच्या दाराच्या कमानीत दुर्बीण लावा. तिथे सात विद्या बसल्या आहेत. व्याकरण म्हणजे हातात छडी घेतलेली बाई, पायाशी दोन पोरं, त्यातलं एक दुसऱ्याचे केस ओढतंय. मी आधी शाळेत चित्रकला शिकवायचे. साडेआठशे वर्षांपूर्वीचा हा शेवटचा बाक बघून मला माझे वर्ग आठवले.

दोन मनोरे सारखे का नाहीत, हे सगळे विचारतात. उजवीकडचा साधा, सुमारे १०५ मीटरचा, बाराव्या शतकातलाच आहे. डावीकडच्याचा लाकडी शेंडा १५०६ मध्ये वीज पडून जळाला, तेव्हा जां द बोस या स्थपतीने आजचा नक्षीदार दगडी शेंडा चढवला. मला साधा जास्त आवडतो. कोपऱ्यावरून दक्षिणेच्या बाजूला वळलात तर भिंतीवर वाद्य वाजवणारं गाढव आहे, तेही बघा.

मग परत आत. या वेळी दाराकडे पाठ न करता आतून दाराकडे तोंड करून बसा. मुख्य दाराच्या वर तीन उंच खिडक्या आहेत, दारांच्याच काळातल्या. दुपारी चारच्या उन्हात त्यांतला निळा पेटतो. उजवीकडची येशूच्या वंशावळीची आहे: खाली झोपलेला म्हातारा, त्याच्यातून झाड उगवलंय, फांद्यांवर राजे. वाचत वाचत वर जा. शेवटी उत्तरेची गोल खिडकी, राणी ब्लांशने दिलेली. फ्रान्सचं लिलीचं फूल आणि तिच्या माहेरच्या कास्तीलचे किल्ले तिच्यात विणलेले आहेत. जून-जुलैत सहाच्या पुढे हिच्यावर तिरकं ऊन येतं.

ढगाळ दिवस निघाला तर निराश होऊ नका. लाल रंग मागे हटतो आणि निळा सगळीकडे पसरतो. मला तेही आवडतं. भिंती मात्र तुम्हाला नव्यासारख्या गोऱ्या दिसतील. २००९ पासून आतली काजळी काढायचं काम सुरू झालं. खांबावरची काळी मेरीही त्यात उजळ झाली. मी तिला काळीच बघितलं होतं आणि तिची आठवण मला येते. दगडकाम आता नीट वाचता येतं, हेही तितकंच खरं.

बसल्या बसल्या एक आठवा. दोन्ही महायुद्धांत या काचा उतरवून पेट्यांत भरून लपवल्या होत्या. १६ ऑगस्ट १९४४ रोजी जर्मन सैनिक मनोऱ्यांत आहेत या संशयाने कॅथीड्रलवर तोफा डागायचा विचार चालला होता. वेलबर्न ग्रिफिथ हा अमेरिकन कर्नल स्वतः आत गेला, वर चढला, कुणी नाही हे बघून आला, आणि तोफा थांबल्या. त्याच दिवशी शेजारच्या लेव्ह गावात तो मारला गेला.

वसंतापासून वर्षाच्या शेवटापर्यंत अंधार पडला की शहरातल्या जुन्या इमारतींवर दिव्यांची चित्रं सोडतात. उन्हाळ्यात त्यासाठी दहाच्याही पुढे थांबावं लागतं, तेव्हा शेवटची गाडी सकाळीच बघून ठेवा आणि ती चुकली तर काय, हे आधी ठरवा. दिव्यांसाठी रात्री राहायचं नसेल तर सातच्या आसपासची गाडी घ्या. परतताना खिडकी उजवीकडची.